राजवाडा जागेवर राहावा, आजी-आजोबा पुढे यावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला दाखवायला तुम्ही स्लाइड शो करताय. त्यातला मुख्य फोटो इथलाच, आपल्या इंदूरच्या राजवाड्यासमोरचा. मागे राजवाडा, मधे एक टांगा, पुढे आजी-आजोबा जोडीनं उभे. तुम्ही तिघांचे तीन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे तीन थर, कापले, प्रत्येकाला पाच-पाच कीफ्रेम (कोणत्या क्षणी लेयर कुठे आणि केवढा हवा, याच्या खुणा) दिल्या आणि आता चार गोष्टी खुपताहेत. चाल मधेच अडखळते. दोघं जमिनीवर उभी न वाटता तरंगतात. कडेनं पांढरी रेघ दिसते. आणि राजवाड्याच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या, जाळ्या थरथरतात. सॉफ्टवेअर बदलावं का, असं शेवटी विचारलंय.

सॉफ्टवेअर बदलू नका. प्रोशो हे स्लाइड शोचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २०२० मध्ये बंद झाली, तरी जुन्या संगणकावर ते अजून वापरणारे आहेत. मी आता पीटीई एव्ही स्टुडिओ या तशाच सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, काही जण दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटरमध्ये करतात. तुमच्या चारही अडचणी या तिन्हींत सारख्याच येतील, कारण त्यांचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. तुम्ही तीन कागद तीन हातांनी हलवताय. खरं तर हलायला हवा एकच कॅमेरा. तो कुठे उभा आहे, कोणत्या दिशेनं आणि किती सरकणार, हे आधी ठरवायचं. मग कोणता लेयर किती हलेल, हे तुमच्या हातात उरतच नाही. ते हिशोबानं येतं.

ही अडचण जुनी आहे. साध्या ॲनिमेशनमध्ये सगळं चित्र एकाच कागदावर असायचं. कॅमेरा चित्राजवळ नेला की घर मोठं व्हायचं, झाड मोठं व्हायचं आणि आकाशातला चंद्रही मोठा व्हायचा. आपण रस्त्यानं चालताना चंद्र कधी मोठा होतो का? १९३७ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओनं मल्टिप्लेन कॅमेरा वापरायला सुरुवात केली. चित्राचे भाग वेगवेगळ्या काचांवर रंगवायचे, काचा कॅमेऱ्याखाली वेगवेगळ्या अंतरावर ठेवायच्या आणि प्रत्येक काच आपापल्या अंतराच्या मानानं सरकवायची. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी, कल्याणच्या पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिकेत रंगवलेल्या काचपट्ट्या दिव्यासमोर हलवून पडद्यावरची चित्रं जिवंत केली जात. तुमच्या फोटोत राजवाडा म्हणजे तो चंद्र. तो जवळजवळ हलता कामा नये.

आता हिशोब. फोटो काढणारा आजी-आजोबांपासून साधारण ४ मीटरवर असेल. टांगा ८ मीटरवर धरा, राजवाडा ४० मीटरवर. अगदी अचूक आकडा नको, पण अंदाज डोळ्यांनी घ्या. एखाद्या सकाळी पोहे खायला त्या बाजूला गेलात तर चौकात उभं राहून पावलं मोजा, मी असं करतो. कॅमेरा ४० सेंटिमीटर पुढे गेला असं समजा. वस्तू किती मोठी दिसेल, ते आधीच्या अंतराला नव्या अंतरानं भागून मिळतं. आजी-आजोबा: ४ भागिले ३.६, म्हणजे १११ टक्के. टांगा: ८ भागिले ७.६, म्हणजे १०५ टक्के. राजवाडा: ४० भागिले ३९.६, म्हणजे १०१ टक्के. सुरुवात तिघांची १०० वर, शेवट या तीन आकड्यांवर. तुम्ही राजवाड्याला १२० आणि आजोबांना १३० दिलेत, म्हणून सगळं फुगल्यासारखं दिसतं, खोली येत नाही. खोली आकड्यांच्या मोठेपणात नसते, त्यांच्यातल्या प्रमाणात असते. चेहरा मोठा दिसणाऱ्या फोटोत मी कॅमेरा २५ सेंटिमीटरच नेतो. मग हेच आकडे साधारण १०७, १०३ आणि १०१ होतात.

पण नुसते टक्के बरोबर असून भागत नाही. लेयर कोणत्या बिंदूभोवती मोठा होतो, ते त्याहून महत्त्वाचं. तुमचे आजी-आजोबा तरंगतात त्याचं पहिलं कारण इथे आहे. तुम्ही दोघांना कापून, भोवतीची रिकामी जागा छाटून छोटी पीएनजी फाइल (हिच्यात रिकामी जागा पारदर्शक राहते) केली असणार. सॉफ्टवेअर त्या छोट्या फाइलच्या मध्यावर केंद्र धरतं, म्हणजे दोघांच्या पोटाशी कुठेतरी. टांग्याचं केंद्र टांग्याच्या मध्यावर, राजवाड्याचं राजवाड्याच्या. तीन लेयर, तीन केंद्रं, म्हणजे तीन कॅमेरे झाले. उपाय सोपा आहे आणि यात तुमची अर्धी मेहनत वाचते: लेयर छाटूच नका. मूळ फोटो ३००० गुणिले २१०० पिक्सेलचा असेल तर प्रत्येक पीएनजी ३००० गुणिले २१०० चीच ठेवा, बाकीची जागा पारदर्शक. तिन्ही एकावर एक टाकल्या की आपोआप मूळ जागी बसतात आणि तिघांचं केंद्र एकच होतं.

ते केंद्र कुठे असावं, यावर थोडं थांबतो. कॅमेरा ज्या बिंदूकडे निघालाय तो बिंदू पडद्यावर स्थिर राहतो, बाकी सगळं त्याच्यापासून बाहेर पसरतं. सपाट चौकात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला असेल तर क्षितिजाची रेषा जवळच्या आणि लांबच्या सगळ्या उभ्या माणसांच्या डोळ्यांतून जाते. तुमच्या फोटोत मागे चौकात उभे असलेले लोक बघा. त्यांचे डोळे आजोबांच्या डोळ्यांच्या ओळीत येत असतील तर केंद्र त्याच ओळीवर, दोघांच्या चेहऱ्यांच्या मधे ठेवा. पीटीईमध्ये ऑब्जेक्टला केंद्राची वेगळी सेटिंग आहे, तिथे तिन्ही लेयरना एकच आकडा द्या. मागच्या लोकांची छाती आजोबांच्या छातीच्या ओळीत येत असेल तर कॅमेरा छातीशी धरलेला होता. वरून खाली बघायच्या जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांत असं हमखास होतं. मग केंद्र तिथे.

हे शोधायची सवय लावून घ्या. जुने नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ इंदूरलाच सरकारी बांधकाम खात्याच्या कचेरीत अंदाजपत्रकं आणि नकाशांच्या कामावर होते आणि इथेच १८७४ मध्ये त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्यांनी काढलेल्या इमारती पाहताना मला नेहमी वाटतं, तिपाई कुठे ठेवायची हे ठरवणारा माणूस आधी नकाशे काढत होता, ते दिसतं. आपल्याला उलटा प्रवास करायचाय. फोटो बघून तिपाईची जागा शोधायची.

चाल अडखळण्याचं कारण तुमच्या पाच कीफ्रेम आहेत. कीफ्रेम म्हणजे गाडीचा थांबा समजा. तुम्ही हालचालीचा प्रकार 'स्मूथ' ठेवलाय, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक थांब्यावर वेग कमी करतं आणि तिथून पुन्हा वाढवतं. पाच थांबे, चार टप्पे, म्हणून तीन वेळा मधेच ब्रेक लागल्यासारखं वाटतं. मधल्या तिन्ही काढून टाका. एक सुरुवातीची, एक शेवटची. तिन्ही लेयरच्या या दोन कीफ्रेम अगदी एकाच वेळेवर हव्यात आणि तिघांचा हालचालीचा प्रकारही एकच हवा. राजवाडा सरळ वेगात आणि आजोबा स्मूथमध्ये असतील तर शेवटच्या सेकंदाला आजोबा थांबतात आणि मागची इमारत सरकत राहते. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं. मधे कीफ्रेम ठेवायचीच असेल, समजा आधी दोघांकडे जाऊन मग टांग्याकडे वळायचंय, तर दोन्ही बाजूंची चाल सरळ ठेवा आणि मंद सुरुवात-मंद शेवट फक्त पहिल्या आणि शेवटच्या टोकाला द्या.

आणखी एक, जे बऱ्याच जणांकडून राहून जातं. स्लाइड ८ सेकंदांची आणि आधी-नंतर २-२ सेकंदांचा फेड (फोटो हळूहळू उमटणं आणि विरणं) असेल तर कॅमेरा फेड सुरू होताच चालू झाला पाहिजे आणि पुढचा फोटो पूर्ण दिसेपर्यंत चालत राहिला पाहिजे. म्हणजे कीफ्रेमचं अंतर १२ सेकंद. फोटो पूर्ण दिसल्यावर हालचाल सुरू झाली की स्थिर फोटोला कुणीतरी धक्का दिल्यासारखं वाटतं.

आता पायांचा प्रश्न, म्हणजे तरंगण्याचं दुसरं कारण. केंद्र डोळ्यांच्या ओळीवर आहे आणि पाय त्याच्या खाली, समजा, ५०० पिक्सेलवर आहेत. १११ टक्क्यांनी ते ५५ पिक्सेल खाली जातात. पायांखालची जमीन मात्र राजवाड्याच्या लेयरमध्ये आहे, ती ५ पिक्सेल सरकते. पाय जमिनीवरून घसरले. गंमत अशी की जमीन कोणत्याच एका अंतरावर नसते. ती पायांशी ४ मीटरवर असते आणि राजवाड्याच्या दाराशी ४० मीटरवर. तिला एका लेयरमध्ये बसवताच येत नाही. मला दोन वाटा सापडल्या आहेत. पहिली, चौकट अशी घ्या की गुडघ्याखालचा भाग दिसणारच नाही. सोळा बाय नऊच्या पडद्याला जुना फोटो वर-खाली कापावा लागतोच, तो खालून कापा. दहातले आठ वेळा मी हेच करतो. दुसरी वाट, आजी-आजोबांना कापताना पायांभोवतीचा जमिनीचा तुकडा आणि त्यांची सावली सोबतच घ्या आणि त्या तुकड्याची कड मऊ ब्रशनं भरपूर विरघळवा. जमीन नुसत्या धुळीची असेल तर हे सुंदर जमतं. फरशीच्या रेघा असतील तर जमत नाही, तिथे पहिलीच वाट धरा. सावली मागच्या लेयरमध्ये सोडून माणूस तेवढा उचलू नका, हे मात्र कुठल्याही फोटोत.

कापण्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इथे माझ्याकडून एकदा एक गोष्ट झाली ती मी विसरलेलो नाही. एका घरी वडील गेल्यानंतर वर्षश्राद्धाला दाखवायला मी छोटा शो केला होता. फोटोत ते खुर्चीत बसलेले, मागे त्यांच्या पत्नी उभ्या. मी वडिलांना पुढच्या लेयरमध्ये कापलं, आई मागच्या लेयरमध्ये. कडा स्वच्छ, चाल छान. शो संपल्यावर आई म्हणाल्या, "माझा हात कुठे गेला?" फोटोत त्यांचा उजवा हात वडिलांच्या खांद्यावर होता. अंगठा मागे, चार बोटं पुढे. जुना काळा-पांढरा फोटो, खादीचा सदरा आणि बोटं जवळजवळ एकाच राखाडी रंगाची. मला ती सदऱ्याची घडी वाटली. सदऱ्याची कड सफाईदार करताना मी ती चारही बोटं पुसून टाकली होती. त्यांनी तो फोटो कितीतरी वर्षं भिंतीवर रोज पाहिलेला. मी रात्री घरी येऊन सगळं परत केलं, दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवलं.

तेव्हापासून नियम ठेवलाय. जी माणसं एकमेकांना स्पर्श करून उभी किंवा बसलेली आहेत, ती एकाच लेयरमध्ये राहतात. हात खांद्यावर, मूल कडेवर, पदर शेजारच्या खुर्चीवर, काहीही असो. तुम्ही आजी-आजोबांना एकत्र ठेवलंय ते अगदी योग्य केलंत. कापायला बसण्याआधी मूळ फोटो ४०० टक्के मोठा करून प्रत्येक हात कुठून निघतो आणि कुठे संपतो ते बोटानं फिरवून बघा. शक्य असेल तर आजींना शेजारी बसवून बघा. बांगड्या कोणत्या, हातातली पिशवी कुणाची, हे त्या सांगतील. कदाचित टांगा का थांबलाय, तेही.

पांढऱ्या रेघेचं कारण साधं आहे. कडेच्या पिक्सेलमध्ये निम्मा आजोबांचा कोट आणि निम्मी मागची उजळ भिंत मिसळलेली असते. निवड केल्यावर ती १ ते २ पिक्सेल आत घ्या, मग १ पिक्सेलचा फेदर द्या, म्हणजे कड तेवढी विरघळवा. फाइल पीएनजीच हवी, जेपेगमध्ये पारदर्शकता राहत नाही. तपासायला मी खाली एक भडक हिरवा थर टाकतो. राखाडी पार्श्वभूमीवर लपलेली रेघ हिरव्यावर लगेच ओरडून सांगते. आजींच्या अंबाड्यावरचा गजरा मात्र निवडीच्या टूलनं कापू नका. पांढरा गजरा आणि मागे उजळ दगड, टूलला तिथे कड सापडतच नाही. तेवढा भाग मास्क (नको तो भाग झाकणारा थर) लावून मऊ ब्रशनं हातानं करा. अर्धा तास जातो, पण पाहुण्यांची नजर चेहऱ्यानंतर तिथेच जाते.

मागच्या लेयरमध्ये दोघांच्या जागी जे भगदाड पडलंय ते भरत बसलात का? कॅमेरा नुसता पुढे जात असेल तर त्याची फारशी गरजच नाही. आजी-आजोबा १११ टक्के होतात, मागचं १०१, म्हणजे भगदाड शेवटपर्यंत त्यांच्याच मागे झाकलेलं राहतं. मी तरी कडेपासून १०-१५ पिक्सेल आतपर्यंत क्लोन टूलनं (शेजारचा भाग उचलून तिथे छापणाऱ्या टूलनं) भरतो, कारण फेदर केलेल्या कडेतून मागचं थोडं झिरपतं. कॅमेरा आडवा सरकवायचा असेल तर गोष्ट वेगळी. दोघं मागच्या मानानं ४० पिक्सेल सरकणार असतील तर निदान ६० पिक्सेल भरा. आणि भरलेल्या जागेवर जुन्या फोटोचे दाणे दिसत नाहीत, ती गुळगुळीत दिसते, म्हणून तिथे थोडा नॉइज टाका. आडव्या चालीत मागचा लेयर सुरुवातीपासूनच चौकटीपेक्षा ३ टक्के मोठा ठेवा, नाहीतर कडेला काळी पट्टी उघडी पडते.

भगदाड भरायचा कंटाळा आला म्हणून फोनवर आजचा राजवाडा काढून मागे लावायचा मोह होतो. तो टाळा. उन्हाची दिशा जुळत नाही, कॅमेऱ्याची उंची जुळत नाही. त्यात १९८४ च्या आगीत राजवाड्याचा मोठा भाग गेला आणि नंतर दुरुस्त्या झाल्या. आजोबांच्या वयाची जी मंडळी समारंभाला येतील त्यांनी तो आगीआधी पाहिलेला आहे. त्यांना तुमच्या अंधुक फोटोतलाच राजवाडा बघायचाय.

राहिली थरथर. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. तुमची जाळी वरच थरथरते, कारण बारीक उभ्या-आडव्या रेघा तिथे दाटीनं आहेत. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १०१ टक्के म्हणजे अगदी कडेलासुद्धा जेमतेम १० पिक्सेलची हालचाल, तीही १२ सेकंदांत. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३०० फ्रेममध्ये १० पिक्सेल. एका फ्रेमला पिक्सेलचा तिसावा हिस्सा. एवढ्या बारीक सरकण्यात रेघ कधी या पिक्सेलवर, कधी शेजारच्यावर पडते आणि लुकलुकते. स्कॅन फार मोठा असेल तर हे आणखी वाढतं, कारण दर फ्रेमला सॉफ्टवेअर ती मोठी प्रतिमा नव्यानं लहान करतं. तेव्हा मागचा लेयर लागेल तेवढाच ठेवा. साडेतीन बाय पाच इंची प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली की लांब बाजू ३००० पिक्सेल येते. १११ टक्क्यांना १९२० च्या पडद्यावर २१३२ पुरतात. प्रत्येक लेयरची २२०० रुंदीची प्रत करून वापरा आणि मूळ स्कॅन जपून ठेवा. त्यावर राजवाड्याच्या लेयरला ०.५ पिक्सेलचा ब्लर, म्हणजे किंचित धूसरपणा. मागचं किंचित मऊ झालं की पुढची दोघं आपोआप उठून दिसतात, तोही फायदा.

पूर्ण शोमध्ये किती फोटो असे करायचे? तुम्ही ४० म्हणताय आणि सगळ्यांना लेयर द्यायचा विचार आहे. माझं स्पष्ट मत, तीन. फार तर चार. राजवाड्याचा हा, आजोबांचा नोकरीतला एखादा, आणि शेवटी सगळ्या नातवंडांसोबतचा. बाकीच्यांना नुसता मंद झूम, तोही सगळ्यांना नको. आईच्या कडेवरच्या मुलाचा साधा, न हलणारा फोटो सहा सेकंद पडद्यावर राहिला तर लोक तो नीट बघतात, नावं आठवतात, एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवतात. त्यांना तेवढा वेळ द्या.

हॉलवर थेट सॉफ्टवेअरमधून चालवू नका. एमपी४ व्हिडिओ काढा आणि आदल्या दिवशी तिथल्याच लॅपटॉपवर, तिथल्याच प्रोजेक्टरवर एकदा लावून बघा. प्रोजेक्टरवर गडद भाग आणखी गडद होतात, टांग्याचा घोडा काळ्यात बुडेल, त्याला आधीच थोडा उजेड द्या. जाळी तिथेही थरथरली तर ब्लर ०.५ वरून ०.८ करा, त्यापुढे नको, नाहीतर वरच्या मजल्यांच्या खिडक्या मोजता येणार नाहीत आणि आजोबा त्या नक्की मोजतील.